घराण्यात कोणाक नाय

"घराण्यात कोणाला असं आहे का?"

हा प्रश्न किशोरीने इतक्या दवाखान्यांत ऐकला होता, की शेवटी शेवटी डॉक्टरने तोंड उघडायच्या आधीच तिचं उत्तर तयार असायचं. नाही. तिचा नवरा गुरुदास तर नुसती मान हलवून मोकळा व्हायचा. सासू सोबत असली तर मात्र उत्तर लांबायचं. "आमच्या घराण्यात कोणाक नाय. ह्येचो आजो म्हातारो होयसर माडार चढायचो." डॉक्टर 'नाही' लिहून घ्यायचे, नवीन टॉनिक द्यायचे, आणि सगळे कसालच्या बसमध्ये बसून घरी यायचे.

यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त चीड. कसालपासून आत, काजूच्या बागेतल्या त्या घरात मागच्या सात पिढ्यांत पायाने अधू असा पुरुष झालेला नव्हता. आणि सिद्धेश, किशोरीचा एकुलता एक मुलगा, चार वर्षांचा असल्यापासून सपाट अंगणात पडायचा. दगड नाही, खड्डा नाही, आपला चालता चालता पडायचा. उठताना जमिनीवर हात, मग गुडघ्यांवर हात, मग मांड्यांवर हात, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. त्याच्या पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या. पाहुणे यायचे आणि पोटऱ्या चाचपून म्हणायचे, पैलवान होतलो. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, नाटकं करतो, कवायत चुकवतो. किशोरीने बाईंचं ऐकून त्याला एकदा अंगणात पळवला होता. आठवण झाली की आजही तिला त्या बाईंच्या घरी जाऊन चार शब्द सुनावावेसे वाटत.

औषधाने गुण येईना तेव्हा घरच्यांनी देवाला विचारलं. कौल लावला. कौल कसा लावतात ते सांगायची गरज नाही, आणि उत्तर काय येतं तेही. घराण्यात दोष आसा. गुरुदासच्या चुलत्याने बागेचा बांध घालताना राखणदाराचा, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाचा, दगड हलवला होता, तो राखणदार पोराच्या पायावर बसला. झालं. चुलत्याने हात जोडले, दगड परत जागेवर आला, कोंबडा झाला, नारळ झाले, भावकीला जेवण झालं. चुलता बिचारा पुढे दोन वर्षं मान खाली घालून वावरत होता. त्या जेवणाला मालवणाहून किशोरीची आई, आनंदीबाई, आली होती. पंगतीत बसली, सोलकढी दोनदा मागून घेतली, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. या सगळ्याचं किशोरीला तेव्हा काही वाटलं नव्हतं. वाटायचं होतं ते पुढे वाटलं, आणि असं वाटलं की तळपायाची आग मस्तकात गेली.

सिद्धेश दहा वर्षांचा झाला तेव्हा त्याला चाकांच्या खुर्चीत बसवावं लागलं. त्याच सुमाराला ओरोसला एका संस्थेचं शिबिर भरलं. मुंबईहून डॉक्टर आले होते. त्यांनी सिद्धेशचं रक्त आधीच मागवून तपासलं होतं. आजाराला नाव मिळालं. डुशेन. सासूला ते 'दूषण' असं ऐकू आलं आणि तिने पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी पाचच मिनिटं दिली. मग म्हणाले, पलीकडच्या खोलीत दीपिका मॅडम आहेत, त्या जनुकीय समुपदेशक आहेत, त्या सगळं नीट समजावतील, हवा तेवढा वेळ बसा.

हवा तेवढा वेळ बसा, असं किशोरीला आजवर कुठल्याही दवाखान्यात कोणी म्हटलं नव्हतं. तिला तिथेच संशय आला.

दीपिका मॅडम वयाने लहान होत्या, सांगलीकडच्या असाव्यात. समोर कोरा कागद होता. त्यांनीही तोच प्रश्न विचारायला हवा होता, पण त्यांनी विचारलं, "तुमच्या माणसांबद्दल सांगा. सगळ्या. जिवंत, गेलेली, लहानपणी गेलेली, सगळी." गुरुदासने घसा साफ केला आणि घराणं सांगायला सुरुवात केली. आजोबा, पणजोबा, चुलते. मॅडम चौकोन काढत गेल्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. कागदाची उजवी बाजू भरली. मग त्या किशोरीकडे वळल्या.

"आता आईकडची माणसं."

"ती कशाला?" गुरुदास म्हणाला. कचेरीत आणि दवाखान्यात तो पुस्तकी मराठी बोलायचा. "ती आमच्या घराण्यातली नाहीत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "घराणं थोडा वेळ बाजूला ठेवू. हा आजार बहुतेक वेळा आईच्या बाजूने मुलाकडे येतो. आईला स्वतःला सहसा काही होत नाही, तिला कळतही नाही. म्हणून मला तुमच्या आईचे भाऊ, तिच्या बहिणी, बहिणींची मुलं, सगळं हवंय. किशोरीताई, मामा आहेत तुम्हाला?"

"होते," किशोरी म्हणाली. "दोन. माझ्या जन्माआधीच गेले. दोघांना पोलिओ झाला होता."

"दोघांना?"

"आई तसंच सांगते. आरोंद्याकडे आजोळ आमचं, खाडीकाठी. आजी त्यांना पाठीवर घेऊन फिरायची म्हणे."

"जन्मतः होता का लहानपणी झाला? चालायचे आधी?"

"चालायचे. शाळेत जायचे. मग हळूहळू..." किशोरीने सिद्धेशच्या खुर्चीकडे पाहिलं.

मॅडमनी दोन चौकोन काढले आणि ते काळे केले. पोलिओ एकदा येतो आणि जे न्यायचं ते नेऊन थांबतो, असं त्या म्हणाल्या. वर्षानुवर्षं थोडं थोडं नेत नाही. पुढे त्या बरंच बोलल्या. आवाज मऊ होता, शब्द सोपे होते. हा कुणाचा गुन्हा नाही, हे त्या तीनदा तरी म्हणाल्या असतील. पण किशोरीचं लक्ष गुरुदासच्या चेहऱ्याकडे गेलं होतं. त्या चेहऱ्यावर क्षणभर सुटकेसारखं काहीतरी येऊन गेलं. आपलं घराणं सुटलं. तेवढ्यासाठी किशोरी पुढे महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही.

"तुम्हाला आम्ही वाहक म्हणतो," मॅडम म्हणाल्या.

"एसटीतल्यासारखं?" किशोरी फाडकन म्हणाली. "मला तिकीट कोणी दिलं ते तर सांगा आधी."

मॅडम हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, बहिणी किती? एक, अक्षया. इथेच ओरोसला, नवरा कचेरीत, सरकारी क्वार्टर्समध्ये राहते. मूलबाळ? अजून नाही. मावशी? एक, तिची मुलगी तन्वी, तिचं लग्न ठरतंय. मॅडमनी गोल काढले आणि प्रत्येक गोलात एक एक प्रश्नचिन्ह ठेवलं.

"अक्षयाही वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. रक्ताच्या तपासणीत कळतं, ते रक्त इथे ओरोसलाच देता येतं. दिवस राहण्याआधी कळलं तर उत्तम. राहिले असतील तर लवकर कळायला हवं, म्हणजे तिच्याजवळ विचार करायला वेळ उरतो."

"मग सांगा की तिला. दहा मिनिटांवर राहते."

"मी नाही सांगू शकत. तुमची माहिती तुमची आहे, ती घेऊन मी कुणाच्या दारात जाऊ शकत नाही. पहिला शब्द घरातून जायला हवा. तिला घेऊन या, मग मी आहे."

परत येताना बसमध्ये सिद्धेश तिच्या मांडीवर रेलून बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मोठ्यांना वाटतं पोरं खिडकीबाहेर बघतात.

"आये, म्हणजे तुझ्यातला माझ्यात इला?"

"व्हय."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "मगे माझो राग पण तुझ्याकडलोच."

किशोरीने त्याचं डोकं छातीशी धरलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो राग, आणि तो सरळ मालवणच्या दिशेने निघाला.

दुसऱ्या दिवशी ती आईच्या दारात उभी राहिली तेव्हा आनंदीबाई मागच्या पडवीत सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसली होती. लेकीला अवचित आलेली बघून ती खूश झाली. म्हणाली, बस, रातीक सुंगटांची कडी करतंय.

"आये, मामांका पोल्यो नाय होतो."

आईचे हात चालूच राहिले. डोकं मोडायचं, साल काढायची, धागा ओढायचा. "कोणी सांगल्यान?"

"तुका म्हायत होता काय, तां सांग."

"माझ्या आवशीन माका सांगलेला, लगीन होयसर तोंड उघडू नको. लगीन झाल्यार कोण उघडता गो?"

"सिद्धेश पडाक लागलो तेव्हा?"

"माका वाटला, ह्यो मोठो झालो काय बरो होतलो. सगळेच काय तसे नसतत."

"आमच्या घराण्याचो दोष काढलो. चुलतसासऱ्याक नाक घासूक लावल्यानी. तू पंगतीत बसान जेवलंस. सोलकढी मागलंस."

आनंदीबाईने मग वर बघितलं. तिच्या डोळ्यांत शरम असती तर किशोरी कदाचित तिथेच विरघळली असती. तिथे हट्ट होता. "मी तेव्हा बोललंय असतंय तर तुका पोराबरोबर माझ्या दारात आणून सोडल्यानी असती. दुसरी बायल करून मोकळो झालो असतो तुझो घोव. दोष तेंच्या घराण्याचो निघालो म्हणान तू थंय रवलंस. मी माझ्या चेडवाचो संसार राखलंय. रागव माझ्यार, रागव काय तां."

यातलं किती खरं होतं? बरंचसं. हेच किशोरीला सहन होईना. आई खोटारडी असती तर भांडता आलं असतं, पण आई व्यवहारी होती. तिने हिशेब केला होता, आणि त्या हिशेबात सिद्धेशच्या पायांना जागाच नव्हती. लवकर कळलं असतं तरी आजार गेला नसता, मॅडमनी तेही सांगितलं होतं. पण औषध लवकर सुरू झालं असतं, पाय अजून थोडे टिकले असते. आणि भर अंगणात त्याला कोणी पळवला नसता.

"अक्षयाक सांगूक व्हया," ती म्हणाली.

आता आईचे हात थांबले. "अक्षयाक दिवस गेलेत."

"कधी?"

"तिसरो म्हयनो सरता हा. अजून भायर कोणाक सांगूक नाय. तिची सासू जत्रेक देवीची ओटी भरून मगे सांगतली. किशोरी, तू तिका काय्येक सांगूचा नाय. लगीन होवन दोन वर्सां झाली तिका. तिची सासू कशी आसा तुका म्हायत नाय."

"तेच्यासाठीच सांगूक व्हया. आताच."

आनंदीबाई उठली. सुंगटांच्या पाण्याने ओलेच हात, ते तिने किशोरीच्या मनगटाभोवती आवळले. "तुका सिद्धेशाची शपथ आसा. अक्षयाक सांगशीत तर तेका लागात."

माणसं देवाची शपथ घालतात, अन्नाची घालतात, स्वतःच्या गळ्याची घालतात. या बाईने शपथ घातली ती ज्या पोराच्या अंगातलं बळ रोज चिमूट चिमूट कमी होत होतं त्याची. किशोरी बीए झाली होती. शपथ म्हणजे तोंडची वाफ, हे ती दुसऱ्या कुणालाही सांगू शकली असती. पण घरात आजारी मूल असलं की शिक्षण उंबऱ्याबाहेर चपलांपाशी राहतं. तिने मनगट सोडवून घेतलं, कढीला न थांबता निघाली, आणि स्टँडवर पोचेपर्यंत आईला मनातल्या मनात इतकं बोलली की जवळची एक बाई तिच्याकडे वळून बघायला लागली.

घरी येऊन तिने दीपिका मॅडमना फोन लावला आणि सगळा राग तिथे ओतला. तुमचे गोल आणि चौकोन घाला चुलीत, म्हणाली. तुम्ही कागद भरून मोकळ्या झालात, आता माझी बहीण आणि माझी आई आणि ही शपथ माझ्या डोक्यावर. तुम्हाला मुंबईत बसून काय जातंय. मॅडम ऐकत राहिल्या. मध्ये एकदाही 'शांत व्हा' म्हणाल्या नाहीत, नाहीतर किशोरीने फोन आपटला असता.

"शपथेचं मी काही बोलणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "ती मोडा असंही नाही, पाळा असंही नाही. पण वेळ आहे, आणि तो फार नाही, हे मला सांगायलाच हवं. आणि एक. अक्षयाने काय करावं ते तुम्हाला सांगायचं नाहीये. मीही नाही सांगणार. तपासायचं का, तपासलं तर पुढे काय, हे तिचं तिने ठरवायचं. फक्त तिला ठरवता यावं."

आपल्याला कोणी काही ठरवू दिलं होतं का, असं किशोरीच्या मनात आलं. तिने फोन ठेवला.

आजोळच्या सातेरी देवीची जत्रा म्हणजे माहेरवाशिणींची जत्रा. गावच्या लेकी आणि त्या लेकींच्या लेकी, कुठे कुठे दिलेल्या, गोव्यात, बेळगावात, मालवणात, त्या दिवशी ओटी घेऊन येतात. देवळाच्या आवारात नुसत्या बायकाच बायका. किशोरी रांगेत उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, आणि तिला एकदम मॅडमचा कागद दिसायला लागला. सगळे गोल इथे आले होते. मावशी आली होती, तन्वी आली होती, हातात नवीन अंगठी घालून. पुढे आनंदीबाई, तिच्या शेजारी अक्षया, हिरव्या साडीत, आणि अक्षयाच्या कोपराला धरून तिची सासू. वर्षातून एकदा या बायका एका जागी जमायच्या, आणि एरवी त्या कुणाच्याच घराण्यात मोजल्या जात नव्हत्या.

आत गावकर, देवळाचे मानकरी, एकेकीचं गाऱ्हाणं घालत होते. बाई ओटी पुढे करायची, काय हवं ते हळूच सांगायची, आणि गावकर मोठ्या आवाजात ते देवीपुढे मांडायचे. प्रत्येक वाक्यानंतर मागच्या बायका एका सुरात म्हणायच्या, व्हय म्हाराजा. अक्षयाची ओटी झाली. देवीने पदरात घ्यावं, बाळ सुखरूप होऊ दे, घराण्याचा दिवा लागू दे. व्हय म्हाराजा. अक्षया लाजून बाजूला झाली. किशोरीने हे ऐकलं. शपथ अक्षयाला न सांगण्याची होती. देवीला सांगायला कुणी मनाई केलेली नव्हती.

ती पुढे गेली.

"कोणच्या घराण्याचा गाऱ्हाणा?" गावकरांनी नेहमीप्रमाणे विचारलं. "सासरच्या काय माहेरच्या?"

"दोनय नाय. आवशीच्या आवशीकडला."

आईच्या आईचं घराणं? गावकर बुचकळ्यात पडले. "आवशीच्या आवशीचा घराणा खंयचा गो? असा काय नसता."

"तां म्हायत आसा माका," किशोरी म्हणाली. "तुमी रवा. मीच घालतंय."

गावकर काही बोलायच्या आत तिने हात जोडले होते. मागे कुजबुज झाली, बायलमाणूस गाऱ्हाणा घालता? पण ती सुरू झाली होती. शब्द लहानपणापासून ऐकलेले, त्यांना शोधावं लागलं नाही.

"गे माये सातेरी, ह्या तुझ्या पायांकडे तुझ्या लेकीच्या लेकीचा चेडू उभा आसा. तेका खंयच्याच घराण्यात जागो नाय. तेका तू पदरात घी."

"व्हय म्हाराजा," बायका म्हणाल्या, सवयीने.

"ह्याच गावात, ह्या खाडीच्या काठार, माझ्या आजयेक दोन झील झाले. बाबू आणि वासू. पैले ते पडाक लागले, मगे बसले, मगे निजले, ते उठाक नाय. सगळ्यांनी सांगल्यानी पोल्यो. माये, तो पोल्यो नाय होतो."

"व्हय म्हाराजा." या वेळी आवाज कमी आले. मावशीने वळून आनंदीबाईकडे पाहिलं.

"तां दुखणा आवशीकडसून झिलाक जाता. चेडवांक काय होणा नाय. चेडवां तां घेवन सासरी जातत, आणि तेंका कोण सांगणा नाय. माझ्या आजयेक कोणी सांगूक नाय. माका कोणी सांगूक नाय. माझो सिद्धेश आज खुर्चेर बसान आसा. सासरचो राखणदार फुकट बदनाम झालो."

कोणीतरी एकीने व्हय म्हाराजा म्हटलं, मग दुसरीने. किशोरीचा आवाज आता चढला होता. तिने मागे पाहिलं नाही, अक्षयाकडे तर मुळीच नाही. ती फक्त देवीशी बोलत होती.

"माये, हयसर माझ्या आजयेच्या लेकी आसत, लेकींच्या लेकी आसत. कोणाचा लगीन ठरला हा, कोणाक दिवस आसत. ओरोसाक रक्त तपासूची सोय आसा. तेंका तपासूचा आसात तर तपासूंदेत, नसात तर नको. पण म्हायत नाय म्हणान खंयच्याच चेडवान फशी पडूक नको."

"व्हय म्हाराजा." ही तन्वी होती. आवाज सवयीचा नव्हता, तो तिचाच होता.

"आणि माये, जिका सगळा म्हायत होता. जी गप रवली. जी आपल्या दोन भावांक विसारली, तिका..."

इथे गाऱ्हाण्यात म्हणायचं असतं, चुकलं माकलं माफ कर. शब्द किशोरीच्या जिभेवर आला, आणि तिने तो गिळला. तिला माफ करायचं नव्हतं. गावकरांना पुढे काय करावं ते कळेना.

"तीन," मागून कोणीतरी म्हणालं.

आनंदीबाई होती. तिची ओटी हातातच होती, नारळ छातीशी धरलेला.

"तीन भाव," ती देवीकडे बघून म्हणाली. "धाकटो जयो. तो सात वर्सांचो होतो. तोय पडा होतो. तेका ताप इलो आणि तो गेलो. आवस म्हणाली, बरा झाला, ह्यो तरी लवकर सुटलो. माका म्हणाली, ह्येचा नाव काडू नको. मी काडूक नाय." मग, कोणीच म्हणेना म्हणून, तिने स्वतःच म्हटलं. "व्हय म्हाराजा."

किशोरीला जन्मात पहिल्यांदा कळलं की आपल्याला तिसरा मामा होता. इतकी वर्षं तो कुठल्याच कागदावर नव्हता, मॅडमच्याही नाही. तिला आईची कीव यायला हवी होती, आणि आलीही असेल कुठेतरी आत. वर मात्र रागच होता. एका पोराचं नाव काढायचं नाही, असं आईला सांगणाऱ्या त्या आजीवर, तिला कोणी सांगितलं असेल त्याच्यावर, आणि बरं झालं सुटला, असं म्हणण्याइतकं एकटं तिला पाडणाऱ्या अख्ख्या गावावर.

ती बाहेर आली तेव्हा अक्षयाची सासू सुनेला ओढत बसकडे नेत होती. "चल गो, आमच्या घराण्यात असला काय नाय," ती म्हणत होती. अक्षयाने कोपर सोडवून घेतलं आणि परत आली. चेहरा पांढरा पडला होता.

"तुका माका एकट्याक सांगूक काय झाला होता? सगळ्या गावासमोर सांगलंस. सासवेसमोर."

"आयेन शपथ घातलेली."

"कोणाची?"

"सिद्धेशाची."

अक्षयाने देवळाकडे पाहिलं. आनंदीबाई अजून आतच होती. मग तिने पर्समधून मोबाइल काढला.

"त्या मॅडमचो नंबर दी."

किशोरीने सांगितला. अक्षयाने तो दाबला, आणि फोन कानाला लावून म्हणाली, "माका तुझो खूप राग इलो हा."

"येवंदे," किशोरी म्हणाली. "पैल्यांदा त्यांका जयोचा सांग."